तलावावर तरंगणारी गुणपत्रिका

एकदा एक मुलगी आपली सगळी मूळ कागदपत्रे छातीशी कवटाळून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, जवळजवळ धावत येत होती. तिला अकराची बस गाठायची होती आणि त्याआधी वस्तीतल्या वृद्ध आबाजींच्या पाया पडायचे होते. सकाळचे सव्वादहा झाले होते. आभाळ झाकोळलेले होते, वारा सुटला होता, आणि मुलीचे काळीज इतके धडधडत होते की पाळीवरचे बगळे उडाले तेही तिला दिसले नाहीत.

तिचे नाव यामिनी. तळ्यांच्या मुलखातल्या ढिवरांच्या वस्तीत ती वाढली. बाप तलावात जाळे टाकी, आई आठवडी बाजारात मासे विकायला बसे. बारावीला तिला त्या परिसरात कुणालाच मिळाले नव्हते इतके गुण मिळाले, आणि तिथूनच घरात भीती शिरली. कमी गुण मिळाले असते तर कुणी काही विचारले नसते. पोरगी घरी राहिली असती, लग्नाचे बघितले असते. गुण मिळाले म्हणजे आता पुढचे बघणे आले.

त्यातून तिला शिकायचे होते पर्यावरणशास्त्र. हे कशाशी खातात ते वस्तीत कुणालाच माहीत नव्हते. मामा म्हणाला, नर्सिंग कर. शेजारीण म्हणाली, डी.एड. कर. यामिनीने सगळा उन्हाळा एका वहीत घालवला. कोणत्या महाविद्यालयात हा विषय खरोखर शिकवतात, कुठे नुसता नावाला आहे, कुठे वसतिगृह आहे, कुठे गुणांवर शुल्कमाफी मिळते, हे सारे ती शोधून शोधून लिहीत होती. लिहीत होती आणि खोडत होती. हे परवडत नाही, खोड. इथे माफी फक्त आडनाव बघून मिळते असे कुणी सांगितले, खोड. इथे फोनच उचलत नाहीत, खोड. आषाढ संपता संपता वहीत दोनच नावे उरली.

एक होते जिल्ह्याच्या गावचे जुने महाविद्यालय. इमारतीला रंग नाही, पण विषयाला चाळीस वर्षे झालेली. तिथे शुल्क निम्मे माफ होण्याची शक्यता होती, मात्र प्रवेशाची यादी लागायला अजून तीन दिवस होते. यादीत नाव येईल असे कुणीही छातीठोकपणे सांगत नव्हते.

दुसरे होते दूरच्या शहरातले एक खाजगी विद्यापीठ. त्यांनी मात्र आपण होऊन पत्र पाठवले होते. सोनेरी मुद्रा, जाड कागद, आणि मजकूर असा: गुणवत्तेच्या आधारे आपणांस प्रथम वर्षाकरिता शंभर टक्के शुल्कमाफी मंजूर करण्यात येत आहे. पत्रापाठोपाठ फोन सुरू झाले. बोलणारा फार गोड बोले. ताई, जागा थोड्या आहेत. ताई, तुमचं नाव मी स्वतः धरून ठेवलंय. आणि आज सकाळी सातला: "ताई, आज शेवटचा दिवस. आमची माणसं तुमच्या जिल्ह्याच्या गावी आली आहेत. पाचपर्यंत सगळी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे जमा करा, नाहीतर जागा गेली समजा."

जागा गेली समजा. या तीन शब्दांनी रात्रभर जागलेल्या मुलीची उरलीसुरली शुद्ध हरपली. तिने ते पत्र सात वेळा वाचले होते. पण भ्यालेला माणूस वाचतो तेव्हा त्याला हवे तेवढेच अक्षर दिसते. शंभर टक्के दिसत होते. त्याच्या आधीचे दोन शब्द दिसत नव्हते.

आबाजी करंजाच्या झाडाखाली फाटके जाळे सांधत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. अक्षरओळख सहीपुरती, पण मच्छीमार संस्था त्यांनी वीस वर्षे चालवली होती. शेजारी तंगुसाचे, म्हणजे जाळ्याच्या बारीक नायलॉन दोऱ्याचे, रीळ पडले होते, आणि तारेवर मत्स्यबीजाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या होत्या. आठच दिवसांपूर्वी तलावात बीज सोडले गेले होते.

यामिनी वाकली आणि तशीच निघू लागली.

"अवो, बस न घडीभर," आबाजी म्हणाले. "काहून एवढी पळून राहिली?"

"बस आहे जी अकराची. कागद जमा करायचे आहेत. नाई केले तं जागा जाते."

"कोणता कागद आला, वाचून दाखव."

तिने उभ्याउभ्याच वाचले, भराभर, जणू ते ओझे होते. वाचून झाल्यावर आबाजींनी विचारले, "पयल्या वर्षी सारं माफ. मंग दुसऱ्या वर्षी?"

"ते तवा पाहू, आबाजी. आता गाडी आहे."

"बरं," वृद्ध म्हणाला. "आण ते कागद."

वस्तीची एक रीत होती. कुणी बाहेरगावी शिकायला वा नोकरीला निघाले, की त्याचे कागद म्हाताऱ्या माणसाच्या हाताखालून जात. आशीर्वाद समजून यामिनीने फाईल पुढे केली. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. एकेक मिळवायला किती खेटे घालावे लागले होते ते तिच्या बापाच्या चपलांना विचारावे.

आबाजींनी तारेवरच्या दोन पिशव्या काढल्या, एकीत एक घातल्या. फाईल आत सरकवली. पिशवीत फुंकर मारून ती फुगवली, तोंडाला पीळ दिला आणि मत्स्यबीजाची पिशवी बांधतात तशी रबराने गच्च बांधली. मग थोडा वेळ पाठमोरे होऊन पिशवीच्या गाठीशी काहीतरी करत राहिले. उठले, चार पायऱ्या उतरले आणि पिशवी पाण्यावर ठेवून दिली.

यामिनी पायऱ्यांकडे धावली.

पिशवी जरा हलली, वाऱ्याला तोंड देऊन वळली आणि हळूहळू काठापासून दूर जाऊ लागली.

"आबाजी! माहे कागद!"

"अर्धा तास," आबाजी म्हणाले आणि पायरीवर पाय सोडून बसले.

ती घोट्याइतक्या पाण्यात उतरली. त्यापुढे एकदम खोल होते, हे तिला लहानपणापासून माहीत होते. पिशवी सांडव्याच्या दिशेने सरकत होती. सांडव्यावरून पाणी वाहत होते. त्याच्या पलीकडे नाला आणि नाल्यापुढे नदी. म्हातारा भ्रमिष्ट झाला, तिला वाटले. आपली बारा वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत घालून याने पाण्यावर सोडून दिली.

"अर्धा तास कायचा?" ती ओरडली. तोंडातून शब्द निघाले आणि ती गप्प झाली. कारण अर्धा तास कशाचा, हे त्या वस्तीत तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

झाले असे होते. गेल्या वर्षी याच दिवसांत मत्स्यबीज आले. माशांची बोटाएवढी पोरे, पिशवीत पाणी आणि वर प्राणवायू भरलेला. गाडीवाला घाई करत होता: पोरं तडफडून राहिली, हवा संपली, लवकर सोडा, मला पुढच्या गावी जायचंय. वस्तीचा दंडक असा की बंद पिशवी अर्धा तास तलावावर तरंगत ठेवायची. आतल्या पाण्याला बाहेरच्या पाण्याचे ऊन-गार कळू द्यायचे. मग तोंड उघडून तलावाचे थोडे पाणी आत घ्यायचे, आणि मासे आपल्या पायाने, म्हणजे आपल्या परांनी, बाहेर पडू द्यायचे. त्या दिवशी आबाजी जेवायला गेले होते. पिशव्यांपाशी यामिनी होती. वर येऊन तोंड उघडझाप करणारे ते जीव तिला बघवेनात. तिने दयेपोटी एकामागून एक पिशव्या फाडल्या आणि सगळी पोरे पाण्यात ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या कडेने पांढरी रेघ उमटली होती. जवळ जाऊन बघितले तर रेघ कसली, पोटे वर झालेली पोरे होती.

कुणी तिला एक शब्द बोलले नाही. आबाजी टोपली घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसून मेलेले मासे गोळा करू लागले. तिने रडत विचारले होते, "पाणीबी चांगलं होतं, मासेबी चांगले होते. मंग मेले काहून?" आबाजी म्हणाले होते, "मले हे करता येते, नीट सांगता येत नाई. तू शिकून ये आन् मले सांग." पर्यावरणशास्त्राचे खूळ तिच्या डोक्यात शिरले ते त्या दिवशी. मामाला आणि शेजारणीला हे ठाऊक नव्हते.

पाण्यात उभ्या असलेल्या यामिनीचा फोन वाजला. तिने उचलला.

"ताई, निघालात ना? तुमच्या मागे चौघं रांगेत आहेत."

तिने आबाजींकडे पाहिले. आबाजी पिशवीकडे बघत होते.

"गाडीवाला आहे का?" त्यांनी विचारले.

एवढेच. पण यामिनीच्या हातातला फोन जड झाला. तीच घाई. तीच संपत आलेली हवा. मग तिने, आवाज कापत असताना, विचारले, "सर, दुसऱ्या वर्षी माफी राहते का?"

"ते सगळं नियमावलीत आहे, ताई."

"नियमावली पाठवता का?"

"कागद जमा केले की मिळते ती."

"किती गुण राखावे लागतात? मागच्या वर्षी ज्यांना माफी मिळाली, त्यांच्यातल्या किती जणांची टिकली?"

पलीकडचा आवाज थोडा कमी गोड झाला. "ताई, तुम्हाला शिकायचंय की चौकशी करायचीय?"

कोणत्याही भ्यालेल्या माणसाला गप्प बसवायला हे वाक्य पुरेसे असते. यामिनीही गप्प बसली असती. पण समोर तिचा शाळा सोडल्याचा दाखला सांडव्याकडे निघाला होता आणि त्या भीतीपुढे ही भीती जरा लहान वाटू लागली होती. ती म्हणाली, "एकच सांगा. मला पुढे तिथं परवडलं नाही, तर मूळ दाखला परत मिळतो का?"

"प्रक्रियेनुसार."

"म्हणजे?"

"म्हणजे राहिलेल्या वर्षांचं शुल्क भरलं की," तो म्हणाला, आणि पुन्हा घाईने, "पण तो प्रश्नच येणार नाही हो. पाचपर्यंत या." फोन बंद झाला.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एका ठिकाणी अडकला, की दुसऱ्या कुठल्याही दारात उभे राहता येत नाही. हे यामिनीला कालही माहीत होते. काल ते तिच्या कामी आले नव्हते. एक वर्ष फुकट शिकवतील. दुसऱ्या वर्षी पाणी बदलेल, आणि पिशवी आधीच फाडलेली असेल.

ती पायरीवर येऊन बसली. कुणी न सांगता तिने दुसरा फोन लावला, जिल्ह्याच्या जुन्या महाविद्यालयाला. बराच वेळ वाजल्यावर कुणा प्राध्यापक बाईंनी उचलला. त्या मुळीच गोड बोलल्या नाहीत. यादीत नाव येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाल्या. आले तर माफी निम्मीच, पण तिन्ही वर्षे, आणि साठ टक्के राखले की पुरे. उरलेल्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज त्या स्वतः भरून घेतात. क्षेत्रभेटीचा खर्च विभाग करतो. "आणि मूळ कागद आम्ही तपासून चार दिवसांत परत देतो," त्या म्हणाल्या, "दाखला तेवढा ठेवतो, पण सोडून जायचं असेल तर मागशील त्या दिवशी मिळेल. अजून काय विचारायचंय? विचार, मला वेळ आहे."

मला वेळ आहे. यामिनीला एकदम रडू आले. गेल्या पंधरा दिवसांत तिला हे कुणीच म्हटले नव्हते.

"आबाजी," ती डोळे पुसत म्हणाली, "अठी नाव नाई लागलं तं? अन् ते जागाबी गेली तं? मंग मी कोठं जाऊ?"

आता आबाजी बोलले. सावकाश, पाण्यावरची नजर न काढता.

"भेव खोटं नाई, माय. पिशवीतली हवा खरंच संपते. पण कवा संपते? सकाळी पाचला बांधलेली पिशवी सांजच्या पाचपर्यंत टिकते, हे बांधणाऱ्याले ठाऊक असते. गाडीवाला आपल्याले ते सांगत नाई. त्याले दुसऱ्या गावी जायचं असते, म्हणून तो म्हणते, हवा आताच संपली. तू मागच्या साली माशाच्या भेवानं पिशवी फाडली. औंदा स्वतःच्या भेवानं फाडून राहिली होती. मासे चांगले होते, पाणी चांगलं होतं. इचारपूस झाली नव्हती, एवढंच. मासा लहान असला तरी त्याले पाणी पारखायचा हक्क आहे. तूबी पारख. पारखू देत नाई ते पाणी आपलं नोहे."

यामिनी खाली मान घालून ऐकत होती. मग ती उठली. पिशवी आता सांडव्यापासून दहा हातांवर होती. ओढणी कमरेला खोचून ती पाळीवरून तिकडे पळणार, तोच आबाजी म्हणाले, "काहून पळते?"

त्यांनी पाय मागे घेतला आणि हातावर हात टाकत काहीतरी ओढू लागले. दूर पाण्यावर पिशवी थबकली. वळली. आणि वाऱ्याविरुद्ध, हलके हलके, काठाकडे येऊ लागली.

तेव्हा कुठे तिला पाण्यावरचा तो बारीक तंगूस दिसला. एक टोक पिशवीच्या गाठीला, दुसरे आबाजींच्या पायाच्या अंगठ्याला. अर्धा तास वाऱ्याने ओढून ओढून अंगठ्याभोवती लाल वळ उठला होता, आणि एका जागी रक्त आले होते.

"मले का भेव वाटलं नसन?" म्हातारा हसत म्हणाला. "पण दोरी बांधल्याबिगर मी लोकाचं काही पाण्यात सोडत नाई. तू कोणाच्या हाती कागद देऊन राहिली होती, त्याच्या पायाले दोरी होती का?"

यामिनीने त्या अंगठ्यावर आपली ओढणी दाबून धरली. रस्त्यावरून अकराची बस धुरळा उडवत निघून गेली. दोघांनीही ती ऐकली. कुणी मान वळवली नाही.

भीती गेली असे मात्र कुणी समजू नये. पाच वाजेपर्यंत ती दारात बसून घड्याळ बघत होती. आईने ताट वाढले, ते तसेच राहिले. सहाला फोन वाजला.

"ताई, तुमच्यासाठी वरिष्ठांशी बोललो. जागा उद्या पाचपर्यंत ठेवलीय."

यामिनी फोन तसाच हातात धरून आबाजींच्या झोपडीपर्यंत गेली. "आबाजी," ती म्हणाली, "हवा उद्या पाचपर्यंत पुरते म्हणते." आणि त्या पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

यादी लागेपर्यंतचे तीन दिवस तिने कसे काढले ते तिचे तिला ठाऊक. यादीत तिचे नाव होते, शेवटून दुसरे. त्या रंग उडालेल्या महाविद्यालयाच्या खिडकीपाशी ती फाईल घेऊन उभी राहिली. फाईलला करंजाच्या झाडाखालच्या मातीचा डाग होता, आणि पाण्याचा एकही नव्हता. आतल्या लिपिकाने कागद घ्यायला हात पुढे केला. तिने कागद ठेवले, पण वरचा कोपरा बोटांत धरून राहिली.

"अहो, सोडा की आता," लिपिक वैतागून म्हणाला.

"पावती द्या," ती म्हणाली. तिचा आवाज अजून कापत होता. "पावती हातात आली की सोडते."